मदत हवी आहे: चौथीच्या पावसाच्या प्रकल्पात टॅबलेट नेमका कुठे आणावा?

नमस्कार. कुर्ल्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. यंदा पावसाळाभर एकच प्रकल्प चालवायचा आणि गणित, परिसर अभ्यास, मराठी हे त्यातूनच घ्यायचं ठरवलं आहे. वर्गात प्रोजेक्टर आहे, शाळेचे चार टॅबलेट आहेत आणि इंटरनेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट. मुलं ३६.

गच्चीवर बाटलीचं पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला मुलांनी पाऊस मोजायचा. ही वेळ मुद्दाम घेतली, कारण हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी ८.३० पर्यंतचाच धरतं. म्हणजे आमचा आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. दोन्ही जुळणार नाहीत, आणि तेच मला हवं आहे. आपल्याकडे धो-धो आणि तिकडे भुरभुर असं कसं, हा प्रश्न मुलांनीच विचारावा. तिथून नकाशावर जायचं, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांकडे: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा. तुळशी आणि विहार मुंबईतच, बाकीचे पाच शहराबाहेर, शहापूर-इगतपुरीच्या बाजूला. कुर्ल्यात रस्ते तुंबले तरी तेवढ्याने भातसा भरत नाही, हे मुलांना स्वतःच्या वहीतल्या आकड्यांवरून उमगलं, तर परिसर अभ्यासाचा धडा वेगळा वाचून घ्यावा लागणार नाही.

माझी खरी अडचण पुढे आहे. सराव म्हणून काही आकडे स्प्रेडशीटमध्ये भरून त्यांचा आलेख पडद्यावर दाखवला. १२ मिमीचा स्तंभ पडदाभर उंच दिसत होता. पुढच्या रकान्यात १४० भरले आणि तोच स्तंभ एकदम ठेंगणा झाला. एका मुलीने विचारलं, "बाई, कालचा पाऊस कमी कसा झाला?" प्रश्न अगदी रास्त होता. नव्या आकड्याप्रमाणे प्रमाण बदलण्याचं काम यंत्राने परस्पर केलं होतं आणि मुलांना त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. चौथी-पाचवीला चित्रालेख (एक चित्र म्हणजे अमुक इतके) असतो, स्तंभालेख सहावीला येतो. मग आलेख यंत्राकडून काढून घ्यायचाच नाही का? की काही काळाने घ्यायचा? आणि ते "काही काळाने" कधी?

दुसरी गोष्ट सुट्ट्यांची. मुसळधार पावसाचा इशारा आला की शाळा बंद. म्हणजे नेमक्या सगळ्यात जास्त पावसाच्या दिवशी आमची नोंद कोरी. स्प्रेडशीटमध्ये कोरा दिवस आणि शून्य पावसाचा दिवस आलेखात सारखेच दिसतात. हे मुलांसमोर कसं मांडावं?

एक विनंती. पीपीटी, तयार व्हिडिओ किंवा ॲपची यादी नको आहे. विषय एकमेकांना चिकटवलेले नकोत, एकातून दुसरा निघाला पाहिजे.

प्रतिसाद १
ताई, पहिला महिनाभर आलेख पडद्यावर नकोच. कागदाच्या पट्ट्या घ्या. जितका पाऊस, तितक्याच मिलिमीटरची पट्टी कापायची आणि भिंतीवर तारखेखाली चिकटवायची. इथे प्रमाणाचा प्रश्नच येत नाही, बाटलीत जेवढं पाणी तेवढीच पट्टी. मग एके दिवशी २६ जुलै २००५ ची सांताक्रूझची पट्टी लावा, ९४४ मिमी, म्हणजे एक मीटरला साधारण साडेपाच सेंटीमीटर कमी. मुलं तिच्याशेजारी उभी राहून बघतात ती किती वर येते. ही पट्टी वहीत मावणार नाही, मग ती वहीत कशी दाखवायची? असं विचारलं की "एक चौकोन म्हणजे दहा मिलिमीटर" हे मुलंच सुचवतात. तुमचा चित्रालेख तिथे सुरू झाला. त्यानंतर टॅबलेट आणा, उभ्या अक्षाची कमाल मर्यादा सेटिंगमध्ये २५० वर पक्की करा, आणि नंतर मुलांनाच ती बदलायला लावा. पट्टी त्यांनी हाताने कापलेली असेल, तर स्तंभ का ठेंगणा होतो ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

सुट्टीचं म्हणाल तर बाटलीत पाणी साचलेलंच असतं. दोन दिवसांनी शाळा उघडली की "दोन दिवसांचा मिळून" असं लिहून रुंद पट्टी लावा. निम्मं-निम्मं करू नका, कारण कुठल्या दिवशी किती पडला ते आपण पाहिलेलं नाही. सांताक्रूझचे आकडे हवे असतील तर वेगळ्या रंगात. मात्र बाटली वीस सेंटीमीटरची असेल आणि दोनशे मिमीच्या पुढे पाऊस गेला, तर ती भरून वाहील. तेव्हा "२०० पेक्षा जास्त" इतकंच लिहायचं.

प्रतिसाद २
मराठीसाठी सुचवते. चौथीतल्या बऱ्याच मुलांचे आईबाबा २००५ मध्ये स्वतः शाळा-कॉलेजात होते. मुलांनी घरी त्या दिवसाबद्दल विचारून फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करावं. वर्गात टॅबलेटवर ते ऐकवून मराठी व्हॉइस टायपिंगने लिहून घ्या. घरात मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असतील तर यंत्र भरपूर चुकतं, आणि तिथेच तुमचा तास आहे. आजी "इलो" (आला) म्हणाली आणि यंत्राने भलतंच लिहिलं, तर मूल हटकून दुरुस्त करतं, कारण आजी काय म्हणाली हे त्यालाच ठाऊक असतं. शुद्धलेखनासाठी इतकं मन लावून बसलेली मुलं मी एरवी पाहिली नाहीत. चार टॅबलेटवर नऊ-नऊ जणांचे गट करू नका. एकावर तिघं, बाकीची मुलं तेवढ्या वेळात पट्ट्या आणि नकाशा करतील.

पालकांची लेखी संमती आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आवाज शाळेच्या टॅबलेटमध्येच राहू द्या, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पट्ट्यांची कल्पना मुख्याध्यापकांनाही पटली, जिन्याशेजारची अख्खी भिंत दिली आहे. गच्ची हा पुढचा टप्पा घेईन: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मीटरभर लांबी-रुंदीचे जुन्या वर्तमानपत्रांचे चौकोन गच्चीवर मांडून मुलं मोजतील. तीनशे चौकोन बसले आणि दहा मिमी पडला तर तीन हजार लिटर. हा गुणाकार हातानेच, टॅबलेट फक्त पडताळायला.

एक शेवटचं विचारते. आमच्या गच्चीवर वारा फार आहे, बाटली आडवी होते. काय करता?

प्रतिसाद १
जड कुंडीत वाळू भरून बाटली तिच्यात रोवा. बाटलीचं तोंड कुंडीच्या काठापेक्षा वीतभर वर ठेवा, नाहीतर वाळूवर आपटून उडालेलं पाणी आत जातं. आणि गच्चीवरच्या टाकीपासून लांब, टाकीची जेवढी उंची त्याच्या दुप्पट तरी अंतर सोडा.