मदत हवी आहे: व्हेंटिलेटर काढताना श्वासाचे स्नायू थकतायत हे वेळेत कसं ओळखता?

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या शहरातल्या आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे. व्हेंटिलेटरच्या पेशंटसोबत रोज काम करणाऱ्यांचा सल्ला हवाय.

६४ वर्षांच्या आजी आहेत. कधी विडी ओढली नाही, पण जन्म चुलीपुढे गेला आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) झाला. न्यूमोनियाने आल्या, आज व्हेंटिलेटरवर अकरावा दिवस. ताप उतरलाय, एक्स-रे सुधारलाय, शुद्धीवर आहेत. तरी टी-पीसच्या (व्हेंटिलेटर काढून, टी आकाराच्या नळीवर स्वतः श्वास घ्यायला लावण्याच्या) तीन ट्रायल फसल्या.

सुरुवातीचे आकडे दर वेळी चांगले असतात. काल मिनिटाला २६ श्वास, दर श्वासाला ३२० मिली, म्हणजे आरएसबीआय (मिनिटाचे श्वास भागिले दर श्वासाचे लिटर; जितका जास्त तितका श्वास उथळ आणि घाईचा) ८१. १०५ च्या नेहमीच्या मर्यादेच्या बराच खाली, त्यामुळे सगळे निर्धास्त. मी एक हात मानेवर आणि एक पोटावर ठेवून बसले होते. बाराव्या मिनिटाला मानेचा स्नायू दर श्वासाला दोरीसारखा ताठ व्हायला लागला. अठराव्या मिनिटाला श्वास घेताना पोट वर यायचं सोडून आत ओढलं जाऊ लागलं. मॉनिटरवर सॅच्युरेशन तेव्हाही ९३! श्वास ३८ वर गेले तेव्हा कुठे ट्रायल थांबवली. तोवर आजींनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

सोनोग्राफीत उजवा डायफ्राम (छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू) श्वास सोडल्यावर १.६ मिमी आणि घेतल्यावर २.१ मिमी, म्हणजे जाडी ३१ टक्क्यांनी वाढते. काठावरचा आकडा. शिवाय तो ट्रायलच्या आधी, प्रेशर सपोर्टवर (व्हेंटिलेटर दर श्वासाला दाब देऊन मदत करतो तेव्हा) असताना घेतलेला. मला विसाव्या मिनिटाला काय होतं ते बघायचंय. आमच्या व्हेंटिलेटरवर पी ०.१ (श्वास घेताना पहिल्या ०.१ सेकंदात किती जोराने ओढ लागते तो दाब) दिसतो, पण टी-पीस लावला की तोही गेला. डायफ्रामचे विद्युत संकेत मोजणारी, इलेक्ट्रोड असलेली नाकातली नळी ठरावीक व्हेंटिलेटरलाच चालते, ती आमच्याकडे नाही.

उशिरा थांबवलं तर थकलेला डायफ्राम चोवीस तासांतही पुरता सावरत नाही. म्हणून घाई करायची भीती वाटते. आणि नुसता आराम देत राहिलं तर तो बारीक होतो. २००८ च्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास डायफ्राम पूर्ण निष्क्रिय राहिल्यावर त्याचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले दिसले होते. आजींच्या बाबतीत ही दोन्ही भयं एकदमच आहेत.

तर विचारायचं असं, की ट्रायल चालू असताना छातीच्या हाडाशेजारी, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधे आणि मानेवर इलेक्ट्रोड लावून कोणी ईएमजी (स्नायूंचे विद्युत संकेत) बघतं का? हृदयाचा सिग्नल त्यावर चढतो तो कसा वेगळा काढता? की दर पाच मिनिटांनी त्याच जागी सोनोग्राफीचा प्रोब ठेवून ते स्नायू किती जाड होतात ते बघणं जास्त सोपं पडतं? आणि टी-पीसऐवजी कमी प्रेशर सपोर्टवर ट्रायल घेऊन पी ०.१ चढतोय का यावर लक्ष ठेवलं, तर सीओपीडीत त्यावर कितपत विसंबता?

ट्रॅकिऑस्टोमीची (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्याची) चर्चा सुरू झालीय. पुढची ट्रायल परवा सकाळी नऊला आहे, त्याआधी कोणी स्वतः करून पाहिलेलं सांगितलं तर फार उपकार होतील.