घरावर बँकेची नोटीस आली तेव्हा वकील कसा शोधला, फी कशी भागवली? अनुभव सांगा

धागा काढायचं कारण, आमच्यावर ही वेळ येऊन गेलीय. मिस्टरांचं वर्कशॉप बंद पडलं, हप्ते थकले, तीन महिन्यांनी खातं एनपीए (म्हणजे थकीत) झालं आणि सरफेसीची, म्हणजे कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, नोटीस आली, ६० दिवसांत २२ लाख भरा. घाबरून ओळखीतल्या वकिलांकडे गेलो, माणूस चांगला पण सगळी कामं वाटणीच्या दाव्यांची. त्यांनी इथे साताऱ्यात दिवाणी कोर्टात दावा टाकला आणि कोर्ट म्हणालं हे आमच्याकडे चालत नाही, डीआरटीत (बँकांच्या कर्जवसुलीचं न्यायाधिकरण) जा. तोवर बँकेने दारावर ताब्याची नोटीस चिकटवून ३१ दिवस झाले होते, आणि डीआरटीत जायला मिळतात फक्त ४५!! मग मी पुण्याला डीआरटीत अख्खा दिवस बसून बघितलं की कर्जदारांच्या बाजूने कोण नीट बोलतंय, त्यातल्याच एका मॅडमना जिन्यात गाठलं. फी ३५ हजार, तीन टप्प्यांत द्यायची, आणि अर्जाची सरकारी फी ८ हजार वेगळी. माझ्या पाटल्या मोडल्या. ३ लाख भरायच्या अटीवर स्टे मिळाला, ते दिरांनी दिले. घर आहे अजून. तुमचंही लिहा, कुणाचे तरी दिवस वाचतील.

*

ताई, अगदी हेच सांगायचं होतं की पहिल्या नोटिशीलाच उत्तर द्या, ताब्याची वाट बघू नका. मी अमरावतीची, नवरा गेला आणि कर्ज माझ्या नावावर राहिलं. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हे मला कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्या दादांनी सांगितलं. मिळालेल्या वकिलांनी नोटिशीला लेखी हरकत लिहून दिली, त्याला बँकेला १५ दिवसांत कारणासकट उत्तर द्यावंच लागतं. माझे भरलेले दोन हप्ते खात्यात धरलेच नव्हते ते त्यातून निघालं.

*

ठाण्यात आम्हाला एकाने "लिलाव थांबवून देतो" म्हणून ६० हजार रोख घेतले. वकीलपत्रावर सही घेतली नाही, अर्जाचा नंबर दिला नाही, आम्हीपण विचारला नाही. लिलावाची जाहिरात पेपरात बघितली तेव्हा कळलं काहीच दाखल नाहीये. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. पैसे देण्याआधी वकीलपत्र आणि दिल्यावर पावती, एवढं तरी मागा प्लीज.

*

एडिसन, न्यू जर्सीहून. इथे बँकेला आधी कोर्टात केस करावी लागते आणि समन्स मिळाल्यापासून ३५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. माझी नोकरी गेली होती, अटर्नीला द्यायला पैसे कुठले, आणि मंडळात कुणाला सांगायची लाज वाटत होती, त्यात तीन आठवडे घालवले. शेवटी मंडळातल्याच एका काकूंनी हडची (इथल्या सरकारचं घरबांधणी खातं) मान्यता असलेल्या हाउसिंग काउन्सेलरकडे नेलं, तो फुकट असतो, त्याने कागद लावून मीडिएशनचा (बँकेशी मध्यस्थीचा) अर्ज भरून घेतला. उत्तर दाखल करण्यापुरताच अटर्नी केला, ठरावीक फीवर. लोन मॉडिफाय झालं, हप्ता कमी झाला.

*

सातारच्या ताई, त्या मॅडम नागपूर डीआरटीत येतात का? माझ्या भावाच्या दारावर परवा नोटीस लागलीय, ४३ दिवस उरलेत. व्यनि करते.