मदत हवी आहे: जुन्या सीडींच्या .बिन, .एनआरजी आणि .आयएसओ इमेज उघडत नाहीत

निळीशाई (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुन्या हार्डडिस्कवर तीन डिस्क इमेज (म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलीतली प्रत) सापडल्या आहेत. घरातल्या माणसांच्या आवाजातली रेकॉर्डिंग आणि फोटो त्यांत आहेत आणि यांची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून वाटेल ते सॉफ्टवेअर चालवण्याआधी इथे विचारते आहे.

पहिली .बिन फाइल आहे, ६९,९५,१३,०२४ बाइटची. तिच्याबरोबरची .क्यू फाइल, म्हणजे सीडीवर कुठले ट्रॅक कसे आहेत ते सांगणारी छोटी फाइल, नाही. नेटवरचा नमुना बघून, मोड १/२३५२ (डेटा सीडीचा प्रकार) लिहून, क्यू तयार केली आणि आयएसओ करून पाहिली. रूपांतर विनातक्रार झालं, ६०,९०,९९,७७६ बाइटची आयएसओ मिळाली, पण ती माउंट होत नाही, म्हणजे ड्राइव्हमध्ये सीडी घातल्यासारखी उघडत नाही.

दुसरी .एनआरजी आहे, नीरो या सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅमची. ती उघडणारा प्रोग्रॅम आता माझ्याकडे नाही.

तिसरी .आयएसओ. डबल क्लिक केलं की इमेज खराब असल्याचा मेसेज येतो. सेव्हन-झिपमध्ये मात्र सगळ्या फोल्डरांची नावं दिसतात, बरेच फोटो उघडतातही. शेवटच्या फोल्डरातले उघडत नाहीत. हिची मूळ सीडी आहे, पण कडेला चरे पडलेत. बाकी दोघींच्या सीडी नाहीत.

विंडोज १० आहे, लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्हही आहे. कमांड लिहायला हरकत नाही. मूळ फाइलींना हात लावलेला नाही, सगळं प्रतींवर केलंय.

अर्धविराम

मूळ फाइली बाजूला ठेवल्यात हे उत्तम. एनआरजीसाठी विन-सीडी-एमू टाकून बघा. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि क्यू, एनआरजी, एमडीएस असे प्रकार थेट माउंट करतं. रूपांतराची गरजच पडणार नाही कदाचित.

बिनचं मला कोडं वाटतंय. क्यू बरोबर असेल तर आयएसओ उघडायलाच हवी होती.

बाइटमोजणी

क्यूमधला ट्रॅकचा प्रकारच चुकीचा असावा असा दाट संशय आहे. निळीशाई, कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतला प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) मूळ बिन उघडा, बदल सेव्ह करू नका, आणि पहिले बारा बाइट काय आहेत ते सांगा. डेटा सीडी असेल तर ००, मग दहा वेळा एफएफ, मग परत ०० दिसेल. प्रत्येक सेक्टरची, म्हणजे सीडीवरच्या २३५२ बाइटच्या प्रत्येक तुकड्याची, सुरुवात याच खुणेने होते.

निळीशाई

सगळे ००. खाली बरंच स्क्रोल केलं तरी शून्यंच, मग एकदम वाटेल ते आकडे सुरू होतात. एफएफची ती ओळ कुठेच दिसत नाही. फाइल रिकामी आहे का?

बाइटमोजणी

नाही, नाही, रिकामी मुळीच नाही! ही ऑडिओ सीडी आहे. सुरुवातीची शून्यं म्हणजे आवाज सुरू होण्याआधीची शांतता.

तुमच्या आकड्याला २३५२ने भागा: बरोबर २,९७,४१२ सेक्टर, बाकी शून्य. म्हणजे फाइल मध्येच तुटलेली नाही. ऑडिओ सीडीत एका सेकंदाला ७५ सेक्टर असतात, तेव्हा हे ६६ मिनिटं ५ सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे.

ऑडिओ सीडीत फाइल सिस्टिम नसतेच, त्यामुळे तिची आयएसओ होऊ शकत नाही. मोड १ लिहिल्यावर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येक २३५२ बाइटमधले मधले २०४८ ठेवले आणि ३०४ टाकून दिले. डेटा सीडीत ते ३०४ बाइट खुणेचे आणि चूक-दुरुस्तीचे असतात, पण इथे तो आवाजच होता. म्हणून ती आयएसओ खुशाल डिलीट करा.

आता ऑडॅसिटी हा आवाज संपादनाचा मोफत प्रोग्रॅम घ्या. इम्पोर्टमध्ये ‘रॉ डेटा’ निवडा: साइन्ड १६-बिट पीसीएम, लिटल-एंडियन, स्टीरिओ, ४४१०० हर्ट्झ, ऑफसेट ०. नुसती खरखर आली तर बिग-एंडियन (बाइटचा उलटा क्रम) करून परत आणा. क्यू नसल्यामुळे गाणी किंवा भाग कुठे तुटतात ते कळणार नाही, ते शांत जागा बघून हाताने तोडावे लागतील. सेव्ह करताना फ्लॅक करा, एमपीथ्री नको. आवाजातलं काहीही कमी होत नाही आणि फाइल लहान होते.

निळीशाई

आला! आवाज आला, स्वच्छ आहे, शेवटपर्यंत आहे. खरखर नाही. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एनआरजी विन-सीडी-एमूने माउंट झाली, त्यात फोटो आहेत, कॉपी करून घेतलेत. अर्धविराम, तुमचेही आभार.

आता आयएसओचं काय करू?

बाइटमोजणी

वा, फार बरं वाटलं.

आयएसओ आधी मोजू या. फाइलचा आकार बाइटमध्ये द्या. शिवाय हेक्स एडिटरमध्ये ३२,८४८ या ऑफसेटपासूनचे (फाइलीच्या सुरुवातीपासून मोजलेली जागा) चार बाइट द्या. डिस्क किती सेक्टरांची आहे हे आयएसओ तिथे स्वतःच लिहून ठेवते.

निळीशाई

आकार ६१,२३,६८,३८४. चार बाइट: एफ२ ०डी ०५ ००.

बाइटमोजणी

ते उलट्या क्रमाने वाचायचे, म्हणजे ३,३१,२५० सेक्टर. आयएसओत एक सेक्टर २०४८ बाइटचा, तेव्हा तुमच्या फाइलीत आहेत २,९९,००८. शेवटचे ३२,२४२ सेक्टर, साधारण साडेसहा कोटी बाइट, आलेच नाहीत. फोल्डरांची यादी डिस्कच्या सुरुवातीला असल्याने नावं सगळी दिसतात, पण शेवटच्या फोटोंचा मजकूर फाइलीत नाहीच. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून कडेचे चरे आणि शेवटचा तुटवडा यांचा मेळ बसतो.

‘आयएसओ रिपेअर’ म्हणून जे विकतात त्यावर पैसे घालवू नका. नसलेले बाइट कुठलाही प्रोग्रॅम निर्माण करू शकत नाही. ते फक्त सीडीतूनच येतील.

मऊ कापडाने सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. मग लिनक्समध्ये जीएनयू डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कमधला डेटा वाचून काढणारा प्रोग्रॅम वापरा. आयएसओच्या प्रतीलाच आउटपुट म्हणून द्या, सेक्टर २०४८, सुरुवातीची जागा ६१,२३,६८,३८४, आणि मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला, कुठला राहिला याची नोंद) द्यायला विसरू नका. आधीचा भाग तसाच राहील आणि नवीन भाग पुढे जोडला जाईल. पहिल्या फेरीत वाईट जागा सोडून पुढे जाऊ द्या, हट्टाने परत वाचायला नंतर लावा.

अर्धविराम

एक भर घालतो. एका ड्राइव्हला न वाचता आलेलं दुसऱ्याला कधीकधी वाचता येतं. मॅप फाइल तीच ठेवून दुसरा ड्राइव्ह लावला की डीडीरेस्क्यू उरलेल्या जागाच वाचतं, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

निळीशाई

पहिली फेरी झाली. बराच भाग आला, मध्ये मध्ये जागा राहिल्यात. शेवटच्या फोल्डरातले निम्म्याहून जास्त फोटो उघडतायत. ओळखीच्यांकडून दुसरा यूएसबी ड्राइव्ह मागवला आहे, आला की याच मॅप फाइलवर पुढची फेरी लावते आणि इथे कळवते.