आरव्ही, तळं आणि स्टेट पार्क : तुमचे अनुभव लिहा

तापीकाठ

परवा शेजाऱ्याने त्याचा आरव्ही ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) बाहेर काढला. हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून भरून ठेवलेलं ते गुलाबी अँटिफ्रीझ धुऊन काढत होता, सगळा ड्राइव्हवे गुलाबी. ते बघून आईबाबा आले होते तो उन्हाळा आठवला आणि फोडणीला टाकलेली भाजी तशीच सोडून लिहायला बसलेय.

तेव्हा आम्ही मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला होतो. बाबा रेल्वेतून रिटायर, सगळी नोकरी भुसावळच्या लोको शेडमधली. आईला दारात उभं राहून चार जणींशी बोलल्याशिवाय घास उतरत नाही. आणि आमची कॉलनी कशी, तर गॅरेजचं दार वर, गाडी आत, दार खाली. पहिल्याच आठवड्यात बाबांनी विचारलं, "इथं माणसं राहतात का गं, की नुसत्या गाड्याच?"

मग लडिंग्टन स्टेट पार्क. मिशिगनमध्ये बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि जुलैच्या जागा बघता बघता संपतात. आम्हाला कुणीतरी रद्द केलेली साइट (गाडी लावून मुक्काम करायची जागा) मिळाली. भाड्याने क्लास सी आरव्ही घेतली, ओढायची नाही, स्वतःच चालणारी, तीच ती ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. एका अंगाला लेक मिशिगन, दुसऱ्या अंगाला हॅमलिन लेक, मध्ये वाळूच्या टेकड्या. आणि बघते तो काय, सगळी अमेरिका दारात बसलेली! खुर्च्या बाहेर, कुत्री बाहेर, कांदे चिरणं बाहेर. अगदी चाळच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गायब. शोधत गेले तर चार साइट पलीकडे एका गोऱ्या आजीबाईंच्या टेबलाशी बसून चेरीच्या बिया काढतेय. त्यांच्याकडे खटका दाबला की बी खाली पडते असं छोटं यंत्र होतं. आईला इंग्रजी येत नाही, पण यंत्र कसं चालतं ते तिला माझ्याआधी कळलं होतं. निघताना आजीबाईंनी ते तिलाच देऊन टाकलं. ते आता भुसावळला आहे. बोराची बी त्यातून निघत नाही म्हणून आई अजून कुरकुरते.

बाबांना वेगळंच घबाड सापडलं. लडिंग्टन गावातून बॅजर नावाची बोट लेक मिशिगन ओलांडून विस्कॉन्सिनला मॅनिटोवॉकला जाते. १९५३ पासूनची, कोळशावर चालणारी वाफेची बोट. आणि मुळात बांधली होती रेल्वेच्या मालडब्यांची ने-आण करायला! हे कळल्यावर बाबा रोज संध्याकाळी धक्क्यावर. धुराचा वास घेऊन कोळसा बरा आहे की भुकटी आहे ते सांगायचे. कुणी विचारलं नसलं तरी.

तुमचंही लिहा. तळं हवं आणि स्टेट पार्क हवं. नॅशनल पार्कांचे धागे ढीगभर आहेत.

अर्धाकप

मस्त लिहिलंयस. भाजीचं काय झालं पण?

तापीकाठ

विचारू नकोस. पिझ्झा मागवलाय.

खडकवासलेकर

तीस अँपिअर. एवढंच लिहिलं तरी कळणाऱ्यांना कळेल.

न कळणाऱ्यांसाठी: साइटवर एक खांब असतो, त्यात आपली वायर खुपसायची. तीस अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॉट. एसीला दीड हजार, इन्स्टंट पॉटला (विजेचा कुकर) हजार, इंडक्शन पूर्ण वाढवलं तर अठराशे. करा बेरीज. डेव्हिल्स लेक, विस्कॉन्सिन, चतुर्थीचा दिवस, सासूबाईंना मोदक हवेत आणि आत उकडतंय म्हणून एसीही हवा. फट्. अंधार. मी टॉर्च घेऊन खांबाकडे. परत आलो, मोदक परत चढले, फट्. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे लोडशेडिंग इथंही आहे तर."

शेवटी एसी बंद करून, खिडक्या उघडून, घाम पुसत मोदक खाल्ले. नंतर मी पन्नास अँपिअरवाली साइट शोधूनच बुक करतो. त्यात १२० व्होल्टच्या दोन लाइनी येतात, १२,००० वॉटपर्यंत मिळतात. अर्थात तुमची गाडी पन्नासची असेल तरच उपयोग.

आणि हो, डेव्हिल्स लेकचे ते गुलाबी-जांभळे क्वार्टझाइटचे कडे बघायला तरी जाच. तळ्यापासून जवळजवळ ५०० फूट उंच. बिनपाण्याचे चढू नका.

मेथीमुटके

मोदक!! आरव्हीत!! दंडवत घ्या.

आमच्या आजेसासूबाई (तेव्हा ऐंशीच्या पुढे, तब्येत ठणठणीत) आरव्हीत चढल्या, दोन पावलांवर शेगडी आणि पुढच्या दोन पावलांवर संडास बघितला आणि तशाच उतरल्या. "मी बाहेर झोपते." खूप समजावलं. मग प्रश्न सुरू. ते जातं कुठं? खाली टाकीत. टाकी कुठं आहे? आपल्या पायाखाली. आपण त्याच्यावर जेवायचं? ...यावर काय उत्तर आहे सांगा.

त्या शेवटपर्यंत पार्कच्या बाथरूमपर्यंत चालत गेल्या, काठी टेकत, रोज. वाटेत सगळ्यांना नमस्कार. तिसऱ्या दिवशी पोरं उलट त्यांना "नमस्ते ग्रँडमा" म्हणायला लागली होती.

स्टेट पार्कात बहुतेक ठिकाणी साइटवर सांडपाण्याची जोडणी नसते, निघताना टाक्या रिकाम्या करायला डंप स्टेशनला रांग लावायची. रविवारी सकाळी ती रांग बघा एकदा. नियम एकच, काळी टाकी (संडासची) आधी, राखाडी (भांडी-आंघोळीच्या पाण्याची) नंतर, म्हणजे भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. नवऱ्याने हातमोजे घालून सगळं केलं. आजेसासूबाईंनी त्याला घरी येईपर्यंत कशालाही हात लावू दिला नाही. गाडी चालवायला लावू दिला, तेवढाच.

अर्धाकप

"आपण त्याच्यावर जेवायचं?" 😂😂 ऑफिसात मोठ्याने हसले.

बेएरियाकर

शुगर पाइन पॉइंट, लेक टाहो. तिथे अस्वलं. प्रत्येक साइटवर लोखंडी पेटी असते, खाण्याचं आणि वास येणारं सगळं तिच्यात. टूथपेस्टसुद्धा. आम्ही मसाल्याचा डबा, लोणचं, खोबरेल तेल, उदबत्ती असं सगळं भरलं. रेंजरबाई फेरीला आल्या, पेटीत डोकावल्या, हिंगाच्या डबीपाशी थांबल्या, झाकण उघडलं, लगेच लावलं. म्हणाल्या, "अस्वल येणार नाही बहुतेक, पण तरी आतच ठेवा."

टाहोचं पाणी ऑगस्टमध्येही बर्फ. मुलगा "एकदाच बुडी मारतो" म्हणून गेला आणि ओठ निळे करून आला.

नुसता वाचक

पुण्यातून वाचतोय. आमच्याकडे पवनेच्या काठाला तंबू असतात. तळं आहे, तंबू आहेत, शेकोटी आहे, आणि पहाटे दोनपर्यंत स्पीकर. तुमच्याकडे रात्री काय वाजवतात?

खडकवासलेकर

काही नाही. बहुतेक पार्कांत रात्री दहानंतर शांतता. जनरेटरसुद्धा बंद. कॅम्प होस्ट फिरतो, तो स्वयंसेवक असतो, फुकट साइट मिळते म्हणून महिनोन्महिने तिथेच मुक्काम. त्याने टॉर्च मारला की गाण्याच्या भेंड्या गुंडाळायच्या.

नुसता वाचक

भेंड्यांवर टॉर्च! 😀 महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, पण आमच्या घाटात ते धूड वळवणार कोण? त्यापेक्षा मेअखेरीस भंडारदऱ्याला या. आर्थर लेकच्या काठाने झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात.

सुगरण नाही

काजवे आमच्याकडे इंडियानातही असतात, जूनमध्ये. माझ्या लेकीला वाटतं ते अमेरिकन आहेत.

मूळ विषय: वांग्याचं भरीत. कॅम्पफायरची जाळी, मोठ्ठं वांगं, निखारे. घरी गॅसवर तो वास येतच नाही. मार्शमेलोत जिलेटिन असतं म्हणून आमच्याकडे ते बाद, मुलांना काठीला कणीस लावून देते, वरून तिखटमीठ-लिंबू. शेजारची मुलं मार्शमेलो टाकून आमच्याकडे. एका आईने येऊन विचारलं, हे लाल काय आहे? मुलाचे कान लाल झाले होते बिचाऱ्याच्या.

लाकडं घरून नेऊ नका बरं. २००२ मध्ये मिशिगनमध्ये अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा सापडला, तो आशियातून आलेला आणि अशा सरपणातूनच गावोगाव पसरला. तिथलीच लाकडं विकत घ्यायची. ओली निघाली तर नशीब.

एरीकाठी

८ एप्रिल २०२४. ओहायो, जिनीव्हा स्टेट पार्क, लेक एरी. खग्रास ग्रहण.

सीझन सुरू व्हायचा होता, थंडी मरणाची, तरी रिकामी जागा म्हणून नव्हती. दुपारी सव्वातीनला अंधार झाला, पावणेचार मिनिटांच्या आसपास. तळ्यावरचे सीगल आधी ओरडले आणि मग एकदम गप्प. क्षितिजावर चहूबाजूंनी संध्याकाळ. फोटो काढायचा नाही असं ठरवलं होतं, ते बरंच झालं.

तिकडे सांगलीत तेव्हा रात्रीचा पाऊण. ग्रहण भारतात दिसणारच नव्हतं, पण आई आमच्यातर्फे जागी. "फ्रीजवर दर्भ ठेवलास का?" दर्भ कुठून आणू? घरून आणलेलं बेसिल होतं, तुळशीचीच बहीण, ते ठेवलं आणि फोटो पाठवला. आई म्हणाली, "चालेल, परदेशात चालतं."

मेथीमुटके

"परदेशात चालतं" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा.

एल्कहार्टचा पाहुणा

अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही आमच्या इंडियानातल्या एल्कहार्ट आणि आसपास बनतात. आरव्हीचं म्युझियमही आहे, जुने लाकडी ट्रेलर बघायला मिळतात, जरूर या.

पण सांगायचं होतं रिव्हर्सबद्दल. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे माहीत असूनही हात ऐकत नाहीत. साइट झाडांच्या मधोमध, मागे तळं, आजूबाजूला खुर्च्या टाकून बसलेले प्रेक्षक. बायको एक सांगतेय, वॉकीटॉकीवर मुलगा भलतंच. माझे सासरे एसटीत कंडक्टर होते. ते उतरले, दोघांना बाजूला केलं आणि मागे जाऊन पत्र्यावर हात आपटायला लागले. "येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, आता सरळ, येऊ द्याऽऽ... बास!" दोनदा थाप. एका दमात बसला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी तिकिटाचं पाकीट चाचपावं तसा खिसा चाचपला, खोटं नाही सांगत.

तापीकाठ

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, रेल्वेत एवढा आरडाओरडा लागत नाही, झेंडी पुरते. 😛

कोलोरॅडो नदीकाठी

लिहू की नको असं करत होते. आमचं ठिकाण टेक्सासचं इंक्स लेक. दुष्काळात बाकीच्या धरणांचा तळ दिसतो, पण इंक्सची पातळी जवळजवळ हलत नाही, वरच्या धरणातून येतं तेवढं खाली सोडतात. त्यामुळे दरवर्षी हमखास तिथे. ह्यांना डेव्हिल्स वॉटरहोलच्या खडकावरून उड्या मारायची हौस, पन्नाशी उलटली तरी.

हे गेले. मागच्या वर्षी ट्रेलर विकला. दाराच्या आतल्या बाजूला ह्यांच्या अक्षरात मराठीत यादी चिकटवलेली होती: गॅस बंद, पायरी आत, अँटेना खाली, वायर काढली?, खिडक्या, आणि शेवटी "शोभा बसली का?" (एकदा मला बाथरूमला गेलेली असताना सोडून निघाले होते!) घेणाऱ्या जोडप्याला म्हटलं, काढून देते. त्यांनी अर्थ विचारला. मी ओळ न् ओळ सांगितली. ती म्हणाली, राहू दे, आम्हीही हेच विचारू. परवा तिचा मेसेज आला, निघण्यापूर्वी नवरा खरंच ओरडतो म्हणे, शोभा बसली का.

अर्धाकप

ताई ❤️

सुगरण नाही

शोभाताई, या वर्षी आमच्याबरोबर चला. खरंच म्हणतेय. विपू (विचारपूस) करते.

कोलोरॅडो नदीकाठी

येईन गं. भरीत पाहिजे पण.

एरीकाठी

ताई, काकांना नमस्कार. यादी आमच्या दारावरही लावतोय.

नवीन मेंबर

सगळं वाचलं, छान धागा. एक प्रश्न. आईबाबा ऑगस्टमध्ये येताहेत, आमच्याकडे टोयोटा सिएना आहे. ट्रेलर ओढेल का? की क्लास सी भाड्याने घेऊ? आईचे गुडघे दुखतात.

खडकवासलेकर

सिएनाची ओढायची मर्यादा ३५०० पौंड. छोटा ट्रेलर रिकामा असताना त्यात बसेल, पण पाणी, सामान आणि माणसं धरली की काट्यावर जातो. आणि ट्रेलर चालू असताना बऱ्याच राज्यांत आत बसता येत नाही. क्लास सी घ्या.

तापीकाठ

क्लास सीच. पण आईला तो डोक्यावरचा पलंग देऊ नका, शिडी आहे. मागच्या बेडचं फ्लोअरप्लॅन बघून मग पैसे भरा. आणि पायरी उंच असते, लाकडी पाट किंवा स्टूल न्या.

मेथीमुटके

आणि इडलीचं पीठ नेऊ नका. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत गॅसवर चालणारा फ्रीज असतो, तो थंड व्हायलाच अर्धा दिवस घेतो. पीठ दारातून बाहेर आलं होतं आमचं.

नवीन मेंबर

धन्यवाद सगळ्यांना! इडली कॅन्सल. थालीपीठाची भाजणी चालेल ना?

मेथीमुटके

चालेल. आमच्यासाठीही आणा, साइट नंबर कळवा.