घडी जुळली की नातं ठरलं? हिस्टोनांच्या रचनेवरून वाद

अनवट (चर्चाप्रस्ताव)
गुणसूत्रातली दोन प्रथिनं नात्यातली आहेत का, हे ठरवायला आपण अजूनही आधी अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांचा, क्रम काढून बसतो. क्रम जुळला तर नातलग, नाहीतर परके. हिस्टोनांपुरतं, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या प्रथिनांपुरतं, तरी हे उलटं व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. आधी त्रिमितीय रचना एकमेकींवर बसवून बघा, क्रम नंतर.

एच-२ए, एच-२बी, एच-३ आणि एच-४ या चार गाभा हिस्टोनांचे क्रम शेजारी ठेवले तर साम्य जेमतेम दिसतं. पण १९९१ मध्ये आठ हिस्टोनांच्या (चौघांच्या दोन-दोन प्रती) गाभ्याची रचना ३.१ आंग्स्ट्रॉमपर्यंत (म्हणजे जवळपास अणूंच्या मापाच्या बारकाईने) उलगडली आणि चौघांत एकच घडी, म्हणजे साखळी दुमडून होणारा आकार, निघाली. मधे लांब हेलिक्स (मळसूत्री वळणाचा भाग), दोन्ही टोकांना एकेक आखूड हेलिक्स, त्यांना जोडणारे दोन लूप. दोन प्रथिनं उलटसुलट एकमेकांत अडकतात, त्याला 'हँडशेक' म्हणतात. १९९७ मध्ये लुगर, रिचमंड आणि सहकाऱ्यांनी न्यूक्लिओसोम, म्हणजे डीएनए गुंडाळलेला अख्खा हिस्टोन-गाभा, २.८ आंग्स्ट्रॉमवर दाखवला.

आता आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या वंशाचे एकपेशी जीव, बघा. आइसलंडच्या उष्ण झऱ्यात सापडलेल्या मेथॅनोथर्मस फर्व्हिडसमध्ये एचएमएफ-बी नावाचं जेमतेम सत्तरेक अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. २०१७ मध्ये त्याची डीएनएसकट रचना आली. तीच घडी, तोच हँडशेक आणि डीएनएचं वळणही जवळपास तेच. फरक इतकाच की आपल्याकडे आठांवर गाडी थांबते, तिथे जोडीला जोडी लागत लांब वेटोळं होतं. हे नातं रचनेमुळे जितकं लख्ख दिसतं, तितकं नुसत्या क्रमावरून कधीच दिसलं नसतं.

पेशीपाल
असहमत. क्रमाला इतकं हलकं लेखू नका. वासराच्या थायमस या ग्रंथीतला एच-४ आणि वाटाण्यातला एच-४ यांची तुलना १९६९ मध्येच झाली होती. १०२ अमिनो आम्लांपैकी फक्त २ वेगळी. नुसती घडी टिकवायची असती तर इतकी कडक राखण कशाला लागली असती? उत्क्रांतीने इथे घडीबरोबर एकेक अमिनो आम्लही राखलं आहे. ही गोष्ट आपल्याला क्रमाने सांगितली, क्ष-किरणांनी काढलेल्या रचनांनी नाही.

रानजाई
माझी हरकत वेगळी आहे. घडी सारखी म्हणजे पूर्वज एक, हे गृहीत का धरायचं? १९९३ मध्ये वेंकी रामकृष्णन (बडोद्याला शिकलेले, पुढे रायबोसोमसाठी नोबेल) आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या तांबड्या पेशींतल्या एच-५च्या (न्यूक्लिओसोमला बाहेरून चिकटणाऱ्या हिस्टोनच्या) गोलाकार भागाची रचना काढली. ती गाभा हिस्टोनांसारखी मुळीच नाही. 'पंखवाली हेलिक्स' आहे, आणि जवळचं साम्य निघालं ते जिवाणूंच्या कॅप या जनुक-नियंत्रक प्रथिनाशी. आडनाव हिस्टोन, पण गाभा हिस्टोनांचे भाऊबंद नाहीत. मग कॅप आणि एच-५ सख्खे म्हणायचे का? इतकी छोटी घडी डीएनए धरायला सोयीची असल्यामुळे दोनदा स्वतंत्रपणेही घडू शकते.

अनवट
रानजाई, एका सुट्या घडीवरून नातं ठरवू नये, हे मान्यच आहे. म्हणून तर मी तीन गोष्टी एकत्र बघतोय: घडी, जोडी लागण्याची पद्धत आणि डीएनए कुठे धरला जातो ती जागा. एचएमएफ-बी आणि एच-३/एच-४ यांच्यात तिन्ही जुळतात. कॅप आणि एच-५ यांच्याबाबत तसा दावा मी करणार नाही.

पेशीपाल
मग फळमाशीचे टॅफ, म्हणजे जनुकाचं वाचन सुरू करून देणारी प्रथिनं, घ्या. १९९६ मध्ये त्यांच्यातली एक जोडी एच-३/एच-४सारखी निघाली. घडी तीच, जोडीही तशीच. तरी डीएनएला धरणारी अमिनो आम्लं तिथे बरीचशी टिकलेली नाहीत. नातं असेलही, पण काम कोणतं, हे घडी सांगत नाही.

खडीसाखर
सगळे साम्यामागे लागलेत, म्हणून लिहितोय. मला तुलनेची खरी किंमत फरकात वाटते, आणि त्यासाठी सेन्प-एइतकं चांगलं उदाहरण नाही. गुणसूत्राच्या सेन्ट्रोमिअर या भागावर एच-३च्या जागी हे प्रथिन बसतं आणि पेशी विभागताना गुणसूत्र कुठे धरायचं ती जागा त्यानेच ठरते. २०११ मध्ये त्याच्या न्यूक्लिओसोमची रचना आली. एच-३च्या रचनेवर बसवली तर बराचसा भाग इतका जुळतो की वरवर बघणारा पुढे जाईल. पण टोकांशी बघा. एच-३चा न्यूक्लिओसोम डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या (शिडीच्या पायऱ्या) धरून ठेवतो, इथे मधल्या १२१च स्पष्ट दिसतात. दोन्ही टोकांच्या १३-१३ सैल सुटल्या आहेत, कारण त्यांना आवरणारी सुरुवातीची हेलिक्स आखूड आहे. शिवाय पहिल्या लूपमध्ये दोन अमिनो आम्लं जास्तीची, आर्जिनिन ८० आणि ग्लायसिन ८१, बाहेर डोकावणारी. ती बदलली तर प्रथिन सेन्ट्रोमिअरवर नीट टिकत नाही. सगळ्या अणूंच्या अंतरांची एक सरासरी काढून 'रचना सारखी' असा शेरा मारला असता तर नेमकं हेच गाळलं गेलं असतं.

पेशीपाल
खडीसाखर, माझाच मुद्दा मांडलात. सेन्प-एमधला लूप १ आणि हेलिक्स २ उचलून एच-३मध्ये घातला की तो एच-३ सेन्ट्रोमिअरवर जाऊन बसतो, हे २००४ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा सेन्प-एच्या न्यूक्लिओसोमची रचना कुणाकडे होती? क्रमांची तुलना आणि अदलाबदलीचे प्रयोग, एवढ्यावर भागलं.

अनवट
पण कापायचं कुठे, हे कशावरून ठरलं? लूप १ कुठे सुरू होतो, हेलिक्स २ कुठे संपते, हा नकाशा एच-३च्या रचनेतूनच आलेला होता. नुसता क्रम हातात असता तर तो तुकडा एक सलग भाग म्हणून कुणी उचललाही नसता.