कापसाचा चुकलेला हिशेब

अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांतील यादवीत (१८६१–६५) उत्तरेकडे कारखाने, रेल्वे आणि माणसे अधिक होती म्हणून ती जिंकली, हे नेहमीचे म्हणणे मान्य आहे. परंतु दक्षिणेचा जो हिशेब चुकला, त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. कापूस अडवला की ब्रिटनमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या थंडावतील आणि ब्रिटनला दक्षिणेला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता देणे भाग पडेल, या भरवशावर दक्षिणेने १८६१ साली निर्यात आपणहून रोखली. उत्तरेचे आरमार नाकेबंदी आवळत गेले, आणि ब्रिटनने झळ सोसत इजिप्तचा व मुंबई बंदरातून जाणारा हिंदुस्थानी कापूस (आखूड धाग्याचा, गिरणीवाल्यांना नावडता) घेऊन वेळ निभावली. मान्यता मिळाली नाहीच. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, आणि युद्धाबरोबर कापसाची तेजीही ओसरून त्याच वर्षी मुंबईचा शेअर बाजार कोसळला.