नाचऱ्या बेडकासाठी दुसरा रूळ अडवायचा का?

सह्यभटक्या: गोव्यातल्या मोले अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. सविस्तर अभ्यास करून पुन्हा अर्ज करायची वाट मोकळी ठेवली. अर्ज आला की झाडं मोजतील. मी म्हणतो, आधी व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, तळ बघा. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या या घाटात उत्तरघाटी नाचरा बेडूक राहतो. 2014 मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. पाण्याच्या खळखळाटात नुसत्या आवाजावर भागत नाही, म्हणून नर ओल्या दगडावर बसून मागचा पाय ताणतो आणि बोटांमधला पडदा फाकवून दुसऱ्या नराला दाखवतो. पाऊस ओसरला की मादी तळाची वाळू पायांनी उकरून अंडी पुरते. घाट पोखरल्यावर माती वाहून येणार ती त्याच वाळूवर! तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे कितीही रोपं लावा, ती वाळू धुऊन निघत नाही. 2023 च्या उभयचरांच्या जागतिक आढाव्यात या कुळातल्या 24 जातींपैकी 2 अतिसंकटग्रस्त आणि 15 संकटग्रस्त ठरल्या आहेत.

कुळेकर: दादा, बेडकाशी माझं वैर नाही. पण एकच रूळ आहे, समोरच्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की आम्ही ताटकळतो. दरड आली की सगळंच बंद. रेल्वे नको म्हणालात तर माल ट्रकने येईल, आणि तो रस्तासुद्धा मोल्यातूनच जातो. मग जंगल वाचलं कुठे?

सह्यभटक्या: ट्रकचा मुद्दा खरा आहे, माझ्याकडे त्याला सोपं उत्तर नाही. दरडीचं मात्र पटत नाही. दुसरा रूळ त्याच डोंगराला चिकटून जाणार, दरड दोन्हींवर येईल. चढ 1:37 चा, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, मागून इंजिनं लावल्याशिवाय मालगाडी चढत नाही. न्यायालयानेच नेमलेल्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल 2021 मध्ये लिहिलं होतं की एवढं जंगल मोडून या अकार्यक्षम टप्प्याची क्षमता थोडीशीच वाढेल.

कुळागरवाली: आमच्या पोफळींना व्हाळाचंच पाणी. उन्हाळ्यात आम्ही पाट वळवतो तेव्हा बेडकाच्या वाट्याचं पाणी आम्हीही घेतोच. नुसत्या रेल्वेला दोष देऊ नका.

सह्यभटक्या: मान्य, ताई. पण पाट पावसाआधी मोडता येतो. गाळाने बुजलेला तळ मोकळा कोण करणार?

कुळेकर: मग अभ्यासात तळाची वाळू मोजा, पावसाआधी आणि नंतर. गाळ खरंच बसतो असं दिसलं, तर मी दुसऱ्या रुळाचा आग्रह सोडतो. क्रॉसिंगची स्थानकं तरी सुधारा, एवढं मागणं राहील.